गाडीतून काढलेला फोटो नेमका कुठला? जुन्या अल्बममधली रेल्वेची जागा शोधायची पद्धत

पुण्यातल्या कुठल्याही घरात सुट्टीच्या प्रवासाचा जुना अल्बम उघडा, गाडीच्या खिडकीतून काढलेले दोन-चार फोटो हमखास निघतात. पुढे गज धरून बसलेली मुलं, मागे डोंगर, कोपऱ्यात रूळ. कुठला फोटो म्हणून विचारलं की वडीलधारं माणूस क्षणभरही न थांबता सांगतं, "खंडाळ्याचा घाट, दुसरं काय!" पुणेकराच्या आठवणीत डोंगर आणि रूळ एकत्र आले की तो खंडाळाच. मग फोटो शिंदवण्याच्या चढावरचा असो, आदर्कीचा असो, नाहीतर थेट कॅसल रॉकचा.

अशी जागा बऱ्याचदा शोधून काढता येते. त्यासाठी रेल्वेतलं फार काही कळायला लागतं असं नाही. मात्र दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, सुरुवातीलाच जागा ओळखायला जाऊ नका. जिथला हा फोटो असूच शकत नाही, त्या जागा आधी खोडा. दुसरं, फोटोतल्या हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या गोष्टी वेगळ्या करा. इंजिन, डबे, कपडे, पाट्यांवरची नावं यांवरून काळ कळतो. डोंगर, नदी, पूल, वळण यांवरून जागा कळते. लोक नेमकं उलट करतात. इंजिनावर 'पुणे' लिहिलेलं दिसलं की फोटो पुणे स्टेशनचा ठरवून मोकळे होतात. ते नाव असतं इंजिनाच्या शेडचं, म्हणजे जिथे त्याची देखभाल होते त्या ठिकाणचं. घोरपडीच्या शेडची डिझेल इंजिनं कुठल्या कुठे जायची.

आधी फोटो नीट हातात घ्या

कागदावरचा फोटो असेल तर मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, स्कॅन करा. ६०० डीपीआयला स्कॅन केलं की खांबावरच्या पाटीचे निदान आकडे आहेत एवढं तरी दिसतं. मागची बाजूही स्कॅन करा, कारण काही लॅबचे शिक्के आणि तारखा तिथे असतात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा.

निगेटिव्हची पट्टी सापडली तर अर्धं काम झालं. प्रिंट अल्बममध्ये लावताना इकडच्या तिकडे होतात, पण पट्टीच्या कडेला छापलेले फ्रेमचे आकडे क्रम सोडत नाहीत. अकराव्या फ्रेममध्ये लोणावळ्याचा फलाट आणि चौदाव्यात पुण्याच्या स्टेशनबाहेरची रिक्षा असेल, तर बारा आणि तेरा या दोघांच्या मधले. घरच्यांच्या आठवणीपेक्षा या पट्टीवर जास्त विश्वास ठेवावा.

डिजिटल फोटोची मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीतून वेळ-जागेची माहिती गळालेली असते, त्यामुळे पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. जुन्या कॅमेऱ्यांची घड्याळं बहुधा चुकलेली असतात. त्याच सहलीतला एखादा स्टेशनवरच्या घड्याळाचा फोटो सापडला तर फरक मोजता येतो. मोबाइलने नोंदवलेली जागाही धावत्या गाडीत, विशेषतः बोगद्यांच्या भागात, मागे राहिलेली असू शकते. ती आसपासची खूण समजावी, त्याहून जास्त नाही.

उलटा छापलाय का ते बघा

हे काम मिनिटभराचं, पण ते न करता पुढे गेलात तर सगळा तर्क उलट्या दिशेने जातो. निगेटिव्ह उलटी धरून काढलेली प्रिंट किंवा सेल्फी कॅमेऱ्याने फिरवलेला फोटो पहिल्या नजरेत ओळखू येत नाही. अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर शर्टाचा खिसा बघा, तो डावीकडे असतो. मनगटावरचं घड्याळ बहुतेकांच्या डाव्या हातात असतं. साडीचा पदर आपल्याकडे डाव्या खांद्यावर. दोन खुणा एकाच बाजूला बोलल्या की पुढे जा.

वायर आणि रूळ: पहिली चाळणी

पुण्याहून निघणाऱ्या माणसाला मुख्यतः तीन वाटा: मुंबईकडे, दौंडकडे आणि मिरजेकडे. जुन्या फोटोत या तिघी वेगळ्या करायला दोनच प्रश्न पुरतात. रुळांवर विजेची तार आहे का? आणि शेजारी दुसरा रूळ आहे का?

कल्याण ते पुणे हा मार्ग १९२९ मध्येच विजेवर आला. म्हणजे आज हयात असलेल्या बहुतेकांनी आपल्या कॅमेऱ्याने काढलेल्या मुंबई-पुणे प्रवासाच्या फोटोत खांब आणि तारा असायलाच हव्यात. दौंडपर्यंत रूळ दुहेरी, पण तारा आल्या त्या गेल्या दहाएक वर्षांत. मिरजेचा मार्ग कित्येक वर्षं एकेरी आणि डिझेलवर चालणारा होता, दुहेरीकरण आणि वीज दोन्ही अलीकडचं. तेव्हा नव्वदच्या दशकातल्या फोटोत डोंगर आहे, रूळ एकेरी आहे आणि तार नाही, तर तो खंडाळा नाही. आजोबा कितीही ठामपणे सांगोत. तो शिंदवणे-आंबळ्याचा चढ असेल, वाल्ह्याच्या पुढचा भाग असेल, नाहीतर कोकण.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि २०२२ मध्ये सगळी विजेवर आली. त्यामुळे तिथल्या फोटोत तार नसेल तर काळ २०२२ च्या आधीचा. रोहा ते वीर हा तुकडा सोडला तर तिथला मार्ग अजून एकेरीच आहे.

अक्षरं आणि आकडे

स्टेशनची पिवळी पाटी पूर्ण दिसत असती तर हा लेख वाचायची वेळ आली नसती. बहुधा तिचा कोपरा दिसतो, आणि कोपराही कामाचा असतो. नाव देवनागरीत आणि इंग्रजीत असतं, राज्याची लिपी वेगळी असेल तर तीही असते. मिरज सोडून कर्नाटकात शिरलं की कन्नड सुरू. कन्नड अक्षराचा नुसता गोल दिसला तरी अर्धा नकाशा खोडता येतो. (नवापूरला मात्र डोकं लावू नका. तिथे फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत.)

पाटीच्या खालच्या अंगाला समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. त्याकडे कुणी बघत नाही, पण नाव कापलं गेलं आणि उंची उरली असं पुष्कळदा होतं. पुणे साधारण ५६० मीटर, लोणावळा सहाशेच्या वर, कर्जत शंभरच्या आत. आकडा दोन अंकी की तीन अंकी एवढं कळलं तरी स्टेशन घाटाच्या वर की खाली याचा निकाल लागू शकतो.

विजेच्या खांबावरची छोटी पाटी ही सगळ्यांत भरवशाची. तिच्यावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरातला खांबाचा अनुक्रमांक असतो. मध्य रेल्वेची अंतरं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजतात. कर्जत १००, लोणावळा १२८, पुणे १९२, सोलापूर ४५५. पुलांच्या आणि फाटकांच्या पाट्याही बघाव्यात. 'सी/फा' म्हणजे सीटी-फाटक, पुढे फाटक आहे एवढंच ती पाटी सांगते.

इथे एक खोच आहे. कसारा-इगतपुरीचा थळ घाट आणि कर्जत-लोणावळ्याचा बोर घाट या दोन्ही वाटा कल्याणला फुटतात आणि दोन्हींची अंतरं मुंबईपासूनच मोजलेली. कसारा १२१ च्या आसपास, इगतपुरी १३७. म्हणजे १२४ हा आकडा खंडाळ्याजवळही येतो आणि कसाऱ्याच्या वरही. दोन्ही घाटांत तीन-तीन रूळ, दोन्हीकडे ३७ ला १ असा चढ, दोन्हीकडे गाडीच्या शेपटीला ढकलणारी बँकर इंजिनं. खांबाची पाटी वाचता आली म्हणून हर्षवायू होऊ देऊ नका, डोंगराची साक्ष काढा. खंडाळ्याच्या अंगाला नागफणीचं टोक आणि दरीपलीकडे राजमाचीची श्रीवर्धन-मनरंजन ही जोडी. थळ घाटात एहेगावचा उंच पूल.

तुम्ही कुठल्या बाजूच्या खिडकीत होता?

या पायरीवर लोक थांबत नाहीत, आणि सगळ्यांत जास्त माहिती इथेच असते. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाडी डावीकडच्या रुळावरून चालते. म्हणून खिडकीतून शेजारचा रूळ दिसत असेल तर ती खिडकी गाडीच्या जाण्याच्या दिशेला उजवी. रूळ दिसत नसेल आणि थेट शेत, ओढा, भिंत असं काही असेल तर बहुधा डावी. घाटात तीन रूळ असल्याने आणि मोठ्या स्टेशनांच्या यार्डात हा नियम लावू नये. दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या भागात तो चांगला चालतो.

यावर ऊन चढवा. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या अक्षांशावर सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे डोंगराची उत्तरेकडची बाजू सावलीत राहते. उन्हाळ्यात तो ईशान्येच्या अंगाने उगवून वायव्येच्या अंगाने मावळतो, म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी त्या उत्तरेच्या बाजूवरही तिरकं ऊन येतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला सरकलेला असतो. तेव्हा मे महिन्यातल्या दुपारच्या सावलीवरून दिशा काढायला जाऊ नका, हाती काही लागत नाही.

आता हे सगळं एका फोटोवर लावून बघू. आत्याच्या अल्बममध्ये एक रंगीत प्रिंट आहे. खिडकीशी फ्रॉकमधली मुलगी, बाहेर लगेच एक रूळ, त्यापलीकडे शेतं आणि मागे दोन सपाट माथ्याचे डोंगर. डावीकडचा रुंद, लांबलचक. उजवीकडचा त्याहून आटोपशीर, पण त्याला उजव्या अंगाला निमुळती सोंड. आत्याचं म्हणणं, "मुंबईला लग्नाला निघालो होतो ना, तेव्हाचा. खंडाळा."

तारांचे खांब आहेत, रूळ दुहेरी आहे, म्हणजे मुंबईची वाट हे आत्याचं म्हणणं टिकलं. घाट मात्र टिकत नाही. रुळापलीकडे दरी नाही, सपाट शेतं आहेत. सपाटीवर उभं राहून मागे दोन जोडकिल्ले दिसतात ते मळवलीला, लोहगड आणि विसापूर. सोंड म्हणजे लोहगडाचा विंचूकाटा, तो गडाच्या पश्चिमेला आहे. विसापूर लोहगडाच्या पूर्वेला. फोटोत विसापूर डावीकडे, लोहगड उजवीकडे, म्हणजे पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे. बघणारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. मळवलीचं स्टेशन गडांच्या उत्तरेला असल्याने हे जुळतं. लोहगड डावीकडे दिसला असता तर फोटो गडांच्या दक्षिणेकडून, पवनेच्या बाजूने काढलेला म्हणावा लागला असता, आणि तिकडे रेल्वे नाही. तेव्हा रूळ असलेल्या फोटोत लोहगड डावीकडे आला तर प्रिंट उलटी समजावी.

पुढचं जास्त मजेशीर. शेजारचा रूळ दिसतोय, म्हणजे खिडकी उजव्या हाताची. उजवा हात दक्षिणेकडे असेल तर गाडीचं तोंड पूर्वेला. पूर्वेला पुणं. आत्या लग्नाला निघाली नव्हती, लग्नाहून परत येत होती! हे ऐकल्यावर आत्या दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणूनच हिच्या फ्रॉकला जिलबीचा डाग आहे."

साल अजून बाकी आहे. इथे तारा काही सांगत नाहीत, त्या १९२९ पासूनच्या. पण मळवलीला रूळ आणि गड यांच्या मधून मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे जातो. तो २००२ मध्ये पूर्ण झाला. फोटोत त्या जागी नुसती शेतं आहेत, मातीचा भराव नाही, काम चालू असल्याची खूण नाही. तेव्हा फोटो नव्वदच्या दशकाच्या अखेरीआधीचा धरायला हरकत नाही.

काळ सांगणाऱ्या खुणा

त्या थोडक्यात सांगतो. गडद तांबूस रंगाचे डबे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्रास, मग निळे. लाल-करड्या, नव्या बनावटीच्या एलएचबी डब्यांची गर्दी त्यानंतरची. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते, पण तिचे एलएचबी डबे आणि नवी रंगसंगती जून २०२२ ची. गाडीच्या पाटीवर पाच आकडी क्रमांक असेल तर फोटो डिसेंबर २०१० नंतरचा. पाटीवर मुंबईच्या टर्मिनसचं जुनं नाव व्ही.टी. असेल तर बहुधा १९९६ आधीचा, सीएसटी असेल तर १९९६ ते २०१७ मधला. 'पूना' लिहिलेलं असेल तर साधारण सत्तरच्या दशकापर्यंतचा. नावं बदलल्यावरही जुन्या पाट्या काही दिवस तशाच राहतात, म्हणून एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरावीत.

डब्यावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे डबा कुठल्या साली बांधला ते सांगतात. ९४ असेल तर फोटो १९९४ च्या आधीचा नाही, एवढंच नक्की. डबे पंचवीस-पंचवीस वर्षं धावतात. त्याच डब्यावर लिहिलेलं रेल्वे विभागाचं नाव हे मालकाचं नाव, जागेचं नाही.

दगडाकडे बघा

गाडी लांब पल्ल्याची असेल आणि पाटी, खांब काहीच हाती लागत नसेल तर कातळ बघा. सह्याद्री आणि दख्खनचा काळा बेसॉल्ट थरांचा असतो, डोंगराच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतात, माथे सपाट. रुळाच्या दोन्ही बाजूंना तांबडा, छिद्रं पडलेला जांभा आणि त्यात कापलेल्या पायऱ्या असतील, वर लोखंडी जाळ्या असतील, तर कोकण. सोलापूर सोडून दक्षिणेकडे निघालात की शहाबाद-वाडीच्या टापूत चुनखडीच्या फरश्यांचे ढीग दिसू लागतात, आपल्या वाड्यांतली आणि चाळींतली शहाबादी फरशी तिथलीच. त्याही पुढे रायचूर-गुंटकलकडे एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे दिसले की तो ग्रॅनाइट, म्हणजे महाराष्ट्र कधीच मागे पडला.

धबधब्यांच्या बाबतीत एक गफलत ठरलेली आहे. गाडी आणि धबधबा एका फोटोत आले की सगळे 'दूधसागर' म्हणतात. दूधसागर कॅसल रॉक ते कुळे या घाटात आहे. टप्प्याटप्प्याने कोसळणाऱ्या पाण्यासमोरून रेल्वेचा पूल जातो. रत्नागिरीजवळ उक्षीचा रानपाट धबधबाही गाडीतून दिसतो. तिथे कोकणचा जांभा आहे, दूधसागरासारखा उंच कडा नाही.

छोट्या गाड्यांचंही तसंच. माथेरान, दार्जिलिंग, सिमला, उटी हे सगळे फोटो अल्बममध्ये 'टॉय ट्रेन' या एकाच नावाखाली असतात. उटीच्या मार्गावर कल्लार ते कुन्नूर दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते आणि इंजिन उताराच्या टोकाला राहून गाडी वर ढकलतं. सिमल्याच्या मार्गावर दगडी कमानींचे मजल्यावर मजले असलेले पूल. दार्जिलिंगला रूळ रस्त्याला आणि दुकानांच्या पायऱ्यांना चिकटून. माथेरानला तांबडी माती, झाडी आणि जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं. रुळांची रुंदी मोजून ठरवायचं म्हणाल तर माथेरान आणि दार्जिलिंग सारखेच, दोन फुटी. सिमला अडीच फुटी, उटी मीटर गेज.

नकाशावर पडताळा

अंदाज आला की गूगल अर्थ उघडा. त्यातला कॅमेरा रुळावर, जमिनीच्या उंचीवर आणा आणि तुम्ही काढलेल्या दिशेकडे फिरवा. डोंगरांच्या कडांची रेघ फोटोतल्या रेघेशी जुळते का, एवढंच बघायचं. पुढे-मागे सरका. जवळची टेकडी लांबच्या डोंगराचा कुठला भाग झाकते हे दोन-तीनशे मीटरला बदलतं, त्यामुळे अगदी खांबापर्यंत नाही तरी फाटकापर्यंत पोचता येतं. जुन्या उपग्रहचित्रांची पट्टी मागे ओढली की मधल्या काळात काय बांधलं गेलं तेही कळतं. ओपनरेलवेमॅपवर रूळ, स्टेशनं आणि फाटे स्पष्ट दिसतात. गूगल लेन्सवर फोटो टाकून बघायला हरकत नाही, पण ते डोंगर आणि रूळ बघून प्रसिद्ध जागेचं नाव सांगतं. त्या बाबतीत ते आपल्या आजोबांसारखंच.

शेवटी वेळापत्रक. घरच्यांना गाडीचं नाव आठवत असेल तर ती त्या जागी उजेडात पोचत होती का ते तपासा. रात्री जाणाऱ्या गाडीतून दुपारचा फोटो निघत नाही. गाडी उशिरा धावली असणार, हा युक्तिवाद एकदाच मान्य करावा.

घरच्यांना विचारताना

"हा फोटो कुठला?" असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. त्याऐवजी सोबत कोण होतं, डबा घरचा होता की गाडीत वडे घेतले, उतरल्यावर टांगा केला की एसटी, असं विचारा. जागेपेक्षा माणसं आणि खाणं जास्त नीट आठवतं. बाहेरच्या कुणा जाणकाराला विचारायचं असेल तर मूळ स्कॅन, अंदाजे साल आणि प्रवास कुठून कुठे एवढंच पाठवा. तुमचा अंदाज सांगू नका, नाहीतर तोही तिथेच बघायला लागतो. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने लिहिताना जागेपुढे 'नक्की', 'बहुतेक' किंवा 'अंदाज' यांतला एक शब्द टाका. कशावरून ठरवलं तेही चार शब्दांत लिहा: 'विसापूर डावीकडे, शेजारी रूळ, एक्स्प्रेस-वे नाही.'